बारागाड्यांची बदललेली वाट

या अंकासाठी मी याआधी दोनदा लिहिलं आहे. एकदा तंबूतल्या सिनेमावाल्यांच्या करामतींवर आणि एकदा कचेरीतल्या टपालावर. दोन्ही वेळा लोकांनी हसून पत्रं पाठवली. पण दोन्ही वेळा लिहायला बसताना मनात आलं होतं ते तिसरंच, आणि मी ते बाजूला सारून हसण्यासारखं काहीतरी लिहून दिलं. यंदा संपादकांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी हो म्हणालो आणि महिनाभर कागदाला हात लावला नाही. बायको असती तर तिनं विचारलं असतं, एवढं काय अडलंय. तिलाही मी ही गोष्ट अर्धीच सांगितली होती. ज्या अर्ध्यात माझा दोष दिसत नाही, ते अर्धं.

आता वय झालं आहे. सालं एकमेकांत मिसळतात. जिथं नक्की आठवत नाही तिथं तसं लिहीन. जे नक्की आठवतं ते टाळणार नाही.

मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या निरनिराळ्या तालुक्यांच्या कचेऱ्यांत कारकून होतो, आणि नोकरीचा बराच काळ माझ्याकडे परवान्याचं टेबल होतं. उघड्यावर लोक जमणार असतील तर आधी अर्ज माझ्याकडे यायचा. कुस्त्यांचा फड, तमाशाचा तंबू, जत्रा, मिरवणूक, पुढाऱ्याची सभा, काहीही. मी जागा पाहून यायचो, कच्चा नकाशा काढायचो आणि अटी लिहायचो. लोक कुठं उभे राहतील, बायका कुठं बसतील, गाड्या-बैल कुठं सोडायचे, पाण्याची पिंपं कुठं ठेवायची. माणसं येतील कुठून याचा विचार अर्जदार करून येतच असे. ती पळतील कुठून, याचा विचार करण्यासाठी सरकार मला पगार देत होतं.

हे काम बाहेरून वाटतं तितकं सरळ नव्हतं. पोलीस ठाणं म्हणायचं, आधी कचेरीचं पत्र आणा. कचेरी म्हणायची, आधी ठाण्याचं आणा. ग्रामपंचायत म्हणायची, दोघांची आणा, मग ठराव करू. बिचारा अर्जदार तिघांत फिरून फिरून जत्रा होऊन गेल्यावर परवाना घेऊन जायचा. या गोंधळातून मीही सुटलो नव्हतो. एकदा माझ्याच टेबलावरून निघालेलं पत्र चार ठिकाणी हिंडून माझ्याच टेबलावर अभिप्रायासाठी आलं. मी ते ओळखलं नाही. त्यावर ‘मजकूर संदिग्ध आहे’ असा शेरा मारून परत पाठवलं.

पण माझी जी काही कीर्ती झाली ती एका हत्तीमुळे. जळगाव जिल्ह्यातली गोष्ट. केसरमलशेठ म्हणून कापसाचे आडते होते. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण शेठ बोलायचे आमच्यासारखेच. त्यांच्या समाजाची मिरवणूक निघायची होती. एक दिवस ते टेबलासमोर येऊन बसले आणि हळूच म्हणाले,

“भाऊसाहेब, हत्तीला परमिशन लागते का हो?”

“किती हत्ती?”

“एकच. किती लागतात?”

“कुठून येणार?”

“सर्कशीतून.”

“चालत येणार की ट्रकमधून?”

शेठ विचारात पडले. “आता तुम्ही विचारलं तर मला पण काळजी वाटायला लागली.”

मी नियमांची पुस्तकं चाळली. बैलांबद्दल होतं, पिसाळलेल्या कुत्र्यांबद्दल होतं, हत्तीबद्दल काही सापडेना. शेवटी मी अर्जावर ‘मोठे जनावर, एक’ असं लिहिलं आणि मिरवणुकीचा रस्ता पाहायला गेलो. रस्ता स्टेशनाकडून जात होता, आणि तिथं दुपारी केळीच्या गाड्या रांगेनं उभ्या असत. घडांनी भरलेल्या. मी रस्ता बदलला आणि नवा नकाशा काढून दिला.

“भाऊसाहेब, मी त्याला पोटभर जेवू घालूनच आणणार होतो,” शेठ म्हणाले.

“शेठजी, पाहुणा जेवून आला तरी केळं पाहिलं की हात पुढे करतोच.”

ही गोष्ट शेठनी बाजारभर सांगितली. मिरवणूक नीट पार पडली. साहेबांनी पाठ थोपटली. पुढे माझी बदली धुळे जिल्ह्यात झाली तेव्हा माझ्याआधी हत्ती तिथं पोहोचला होता. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला वाटा बदलण्याची चटक लागली. कुठंही गेलो की आहे त्या रस्त्यात मला खोट दिसायची आणि कागदावर दुसरा रस्ता सरळ दिसायचा.

आता ते गाव. त्याचं नाव मी देत नाही आणि तालुक्याचंही नाही. आग्रा रोडनं जाताना सोनगीरचा किल्ला मागे पडला की पुढे कुठंतरी आत आहे, एवढं पुरे. तिथं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खंडेरावाच्या नावानं बारागाड्या ओढतात.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बैल सोडलेल्या बारा गाड्या एकीमागे एक साखळदंडानं बांधायच्या. त्यांत माणसं खच्चून उभी राहतात. सगळ्यांत पुढे भगत असतो. भगत म्हणजे देवाचा मानकरी, तो उपास धरून असतो, त्या दिवशी तर पाण्याचा थेंबही घेत नाही. त्याच्या कमरेला दोर बांधतात आणि त्या दोरानं तो बाराही गाड्या ओढत देवळापर्यंत नेतो. त्याला दोन्ही बाजूंनी आधार द्यायला भाऊबंद असतात, त्यांना बगले म्हणतात. मागून लोक सुरुवातीचा रेटा देतात हे खरं. पण एकदा गाड्या चालू लागल्या की हळदीच्या धुरळ्यात तो माणूस पुढे धावतो आहे आणि त्याच्या मागे सगळं गाव गडगडत येतं आहे, हे दृश्य पाहिल्यावर रेट्याचा हिशेब कुणी करत नाही. गाड्यांना थांबवायचं काही साधन नसतं. त्या देवळापाशी आपोआप थांबतात. लोक म्हणतात, देव थांबवतो.

तिथले भगत राजधरआबा. त्यांच्या घरात तीन पिढ्या हा मान होता. उंच, वाळकी शरीरयष्टी, बोलणं अगदी कमी. धाकटा भाऊ हिलाल त्यांचा उजव्या बाजूचा बगल्या.

त्या वर्षी गावात नुकतीच वीज आली होती. सत्तर सालाच्या आगेमागे असेल, एखादं वर्ष इकडे-तिकडे. मी आखाजीच्या आधी आठवडाभर जागा पाहायला गेलो, तर विहिरीच्या पंपाकडे जाणारी नवी तार नेमकी गाड्यांच्या वाटेवरून गेलेली आणि मधोमध झोळ पडलेली. पहिल्या गाडीवर उंच बांबूला देवाचं निशाण असतं. शिवाय गाडीत उभे राहिलेले लोक हात वर करून नाचतात. धोका खरा होता, एवढं मी आजही म्हणेन.

त्यावर उपाय दोन होते. एक म्हणजे वीज कार्यालयाला पत्र लिहून तासभर वीज बंद ठेवायला सांगायचं. पण ते लोक उत्तर वेळेवर देतील की नाही याचा भरवसा नव्हता. दुसरा म्हणजे वाट बदलायची. त्याला फक्त माझी सही लागत होती, आणि साहेबांची, जी मी सांगेन तिथं पडत होती.

देवळाच्या खालच्या अंगानं एक रुंद गाडरस्ता होता. सरळसोट, वर तार नाही, शेवटी मोकळं पटांगण. जुनी वाट अरुंद आणि शेवटी देवळाच्या टेकाडावर चढणारी. मी मनातल्या मनात नकाशा काढूनही टाकला. सरपंच नाना बरोबर होते, त्यांना ती कल्पना पसंत पडली. पण राजधरआबांना विचारायला हवं होतं. ते चावडीसमोर निंबाखाली बसले होते.

मी म्हणालो, “आबा, यंदा गाड्या खालच्या रस्त्यानं न्यायच्या. तुमची हरकत आहे का?”

आबांनी खालच्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “मन्ही हरकत काय, भाऊसाहेब? ती देवनी वाट शे.”

“मग देव काय म्हणतो?”

लोक हसले. आबा हसले नाहीत. ते म्हणाले, “देव त्या वाटवर गाड्या थांबाडस. या वाटवर थांबाडी का नहीं, माले काय माहीत?”

“देव तोच ना आबा? याच देवळातला? मग दोन्ही वाटा त्याच्याच की.”

“वा रे भाऊसाहेब!” नाना मांडीवर थाप मारून म्हणाले. “तुम्ही कचेरीमां कसाले बठनात? कीर्तनले उभं राव्हाले पाहिजे तुम्ही.”

सगळा पार हसला. मलाही बरं वाटलं. आबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “तुम्हना कागद तुम्ही लिखा. आम्ही वढसूत.”

मी कागद लिहिला. अटी किती होत्या आठवत नाही, पण दोन पाठ आहेत. एक, बायकांसाठी पटांगणाच्या टोकाला दोर बांधून वेगळी जागा राखावी. आखाजीला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, त्यामुळे बायकांची गर्दी मोठी, आणि दरवर्षी त्यांची चेंगराचेंगरी व्हायची. टोकाची जागा मला सगळ्यांत सुरक्षित वाटली, कारण गाड्या तिथपर्यंत येणारच नव्हत्या. दुसरी अट, गाड्या आखलेल्या वाटेबाहेर जाणार नाहीत याची जबाबदारी भगताची. या अटीखाली मी राजधरआबांचा अंगठा घेतला.

आखाजीच्या दिवशी उन्हं कलल्यावर गाड्या निघाल्या. मी बायकांच्या दोरापाशी उभा होतो, माझी व्यवस्था पाहत. डफ वाजत होते, भंडारा उधळत होता. लांबून गाड्या येताना दिसल्या. आता मंदावतील, आता मंदावतील, असं मला वाटत होतं. त्या मंदावल्या नाहीत. उलट आवाज वाढला. मला आधी काही समजलंच नाही. मला वाटलं, मागचे लोक जास्त रेटत आहेत. मग दिसलं की मागचे लोक केव्हाच मागे पडले होते आणि गाड्या आपल्या आपण येत होत्या.

मी ओरडायला लागलो. काय ओरडलो, ते मला आठवत नाही. नंतर कुणी सांगितलं, मी “दोर सोडा, दोर सोडा” म्हणत होतो. कुणी सांगितलं, “दोर धरा.” दोन्ही म्हणालो असेन. बायका जागच्या हलत नव्हत्या. मागे काटेरी कुंपण होतं आणि पुढे माझा दोर.

राजधरआबांनी समोर पाहिलं. तोंडभर हळद, डोळे तेवढे दिसत होते. त्यांनी दोर उजव्या हातात गुंडाळला आणि एकदम डावीकडे, शेताच्या बांधावर, अंग टाकलं. पहिली गाडी त्यांच्यामागे वळली, चाक बांधावर चढलं आणि गाडी उलटली. दुसरी तिच्यावर जाऊन आदळली. बाकीच्या तिरक्या होऊन एकमेकींत अडकल्या आणि थांबल्या. बायकांच्या दोरापासून किती हातांवर, ते मी मोजलं नाही. पण मी एका बाईच्या कडेवरच्या पोराला हात लावला आणि दुसऱ्या हातानं गाडीच्या चाकाला. इतकं जवळ.

हिलाल पहिल्या गाडीखाली सापडला. त्याला जीपमधून धुळ्याला नेलं. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. बाकी लोकांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. एवढ्या गर्दीत एका माणसाचा पाय, असं साहेब नंतर म्हणाले, आणि ते सुटकेच्या सुरात म्हणाले.

त्याच संध्याकाळी गावात बोलणं सुरू झालं. देवाच्या गाड्या कधी उलटत नाहीत. उलटल्या, म्हणजे भगताच्या उपासात खोट. देवानं हात काढून घेतला. मी हे कानांनी ऐकलं आणि मला, लिहायला लाज वाटते, बरं वाटलं. कारण वाटेबद्दल कुणीच बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला गेलो. तलाठ्याची सायकल घेऊन गाडरस्त्यानं चाललो होतो. थोडं गेल्यावर लक्षात आलं की मी पायडल मारत नाही आणि सायकल चालते आहे. मी उतरलो. रस्त्याकडे पाहिलं. सपाट दिसत होता. परत वर गेलो, पुन्हा सायकल सोडली. ती पटांगणापर्यंत आपोआप गेली, आणि जसजशी पुढे गेली तशी वेगानं गेली. मग मी जुन्या वाटेवर गेलो. देवळाच्या टेकाडाशी आलो तेव्हा मांड्या भरून आल्या आणि सायकल थांबली. त्याच दगडापाशी, जिथं दरवर्षी गाड्या थांबायच्या.

राजधरआबांनी मला सांगितलं होतं. ‘देव त्या वाटवर गाड्या थांबाडस.’ तीन पिढ्या पायांनी मोजलेली गोष्ट त्यांनी त्यांना येत असलेल्या एकाच भाषेत सांगितली होती, आणि मी तिचा विनोद केला होता. पण इथंच माझा गोंधळ सुरू होतो, आणि तो पुढे कित्येक वर्षं सुटला नाही. त्यांना चढ माहीत होता का? चढच गाड्या थांबवतो हे ठाऊक असून, तसं म्हटलं तर देवाचा मान जाईल म्हणून ते गप्प राहिले? की त्यांना खरोखरच देवच थांबवतो असं वाटत होतं? पहिलं खरं असेल तर दोष थोडा त्यांच्याकडे जात होता. मला ते पहिलंच खरं असायला हवं होतं.

कचेरीत येऊन अहवाल लिहायला बसलो. त्या वर्षी माझं अव्वल कारकुनाच्या बढतीत नाव होतं. साहेबांनी विचारलं, “वाट कुणी ठरवली होती?” मी म्हणालो, “गावकऱ्यांच्या संमतीनं, सरपंचांची सही आहे.” ते खरं होतं. त्यात माझा हात कुठंच दिसत नव्हता.

मग राजधरआबांचा जबाब. तो मीच लिहून घेतला. ते कचेरीच्या व्हरांड्यात जमिनीवर बसले, खुर्चीवर बसायला तयार होईनात. डाव्या खांद्याला पट्टी होती.

मी विचारलं, “आखून दिलेली वाट तुम्ही सोडली का?”

“हां. सोडी.”

“स्वतःहून?”

“हां.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “समोर बाया व्हत्यात ना, भाऊसाहेब.”

मी लिहिलं, ‘होय, आखून दिलेली वाट मी स्वतःहून सोडली.’ पुढचं वाक्य मी लिहिलं नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं, असं मी स्वतःला सांगितलं. मी जबाब वाचून दाखवला. त्यांनी ऐकला आणि अंगठा दिला. बायांचा उल्लेख आला नाही हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, “हिलालले दवाखानामां भाकर पोचाडाले जाऊ ना आते?”

अहवालात मी लिहिलं की भगतानं गाड्या आखलेल्या वाटेबाहेर नेल्यामुळे गाडी उलटून एक इसम जखमी झाला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. ज्या एका हालचालीनं पन्नास बाया वाचल्या असतील, किंवा शंभर, तीच मी अपघाताचं कारण म्हणून लिहिली. साहेबांनी शेरा मारला, सदर इसमास यापुढे गाड्या ओढण्यास परवानगी देऊ नये. शेऱ्याचा मसुदा माझा होता. मला बढती मिळाली.

यापुढचं मी सगळ्यांत कमी लोकांना सांगितलं आहे. म्हणजे कुणालाच नाही.

पुढच्या वर्षी अर्ज आला तेव्हा मी घाबरून शहाणा झालो होतो. मी गाड्या पुन्हा जुन्या वाटेनं नेण्याची अट घातली आणि वीज कार्यालयाला पत्र लिहिलं. पत्र लिहायला पाव तास लागला. चौथ्या दिवशी उत्तर आलं, तासभर वीज बंद ठेवू. एवढंच काम होतं. मला वाटलं, निदान पुन्हा कुणाचा पाय जाणार नाही. चूक मी गुपचूप दुरुस्त करतो आहे.

त्या वर्षीचा भगत नवा होता, सरपंच नानांच्या भावकीतला एक तरणा गडी. गाड्या निघाल्या, आल्या, टेकाडाला लागल्या, मंदावल्या आणि त्या दगडापाशी थांबल्या. एकच जल्लोष झाला. नानांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला.

“देखात भाऊसाहेब? देव कसा थांबाडस! फक्त माणूस चोखा पाहिजे.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी काय करून बसलो. वर्षभर गावात थोडेफार लोक तरी राजधरआबांची बाजू घेणारे असतील. आता एकही उरला नाही. तोच देव, त्याच बारा गाड्या, फक्त भगत दुसरा, आणि गाड्या थांबल्या. वाट बदलली होती हे कुणाच्या बोलण्यात नव्हतं, कारण ती तर नेहमीचीच वाट होती. माझ्या दुरुस्तीनं त्यांच्यावर शिक्का मारला.

ते गर्दीत मागे उभे होते. शेजारी कुबडी घेतलेला हिलाल. गाड्या थांबल्या तेव्हा सगळ्या गावानं हात जोडले, तसे त्यांनीही जोडले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला वाचता आलं नाही. मी पाहिलंच किती, म्हणा.

त्यानंतर माझ्या बदल्या झाल्या. काही वर्षं जळगाव जिल्ह्यातल्या दुसऱ्या तालुक्यांत होतो, मग जळगावला. पुढच्या नोकरीत मी कुठलीही वाट बदलण्याआधी तिथल्या सगळ्यांत जुन्या माणसाला गाठायचो आणि तो देवाचं नाव घेऊन जे सांगेल ते रस्त्यावर चालून ताडून पाहायचो. लोक म्हणायचे, भाऊसाहेब भाविक झाले. जत्रा नीट पार पडायच्या. कौतुक व्हायचं. त्याचा उपयोग त्या एका घराला काही नव्हता. कधीतरी कानावर यायचं, की राजधरआबांना लग्नाकार्यात पहिली हळद लावायला आता कुणी बोलावत नाही. मी ऐकून घ्यायचो.

राजधरआबा आज हयात नाहीत. पण निवृत्त झाल्यावर मी एकदा त्यांच्याकडे गेलो होतो. जळगावहून सकाळची गाडी धरली. माझं घर मूळ खानदेशातलंच, आई आमच्याशी याच बोलीत बोलायची, पण कचेरीत शिरल्यापासून मी ती तोंडातून काढली नव्हती. बसमध्ये मी वाक्य जुळवत गेलो. आबा, चूक तुम्हनी नव्हती. वाट उतारनी व्हती, अन् ती मी आखी. एवढंच. कागदावर असतं तर एका ओळीत बसलं असतं.

ते ओट्यावर सुपात शेंगा घेऊन फोडत बसले होते. खूप वाकले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. अक्का, त्यांची बायको, दारातून डोकावून म्हणाली, “इतला वरीसमां या घरमां सरकारी माणूस उना नहीं. आज कसा काय?”

“भाऊसाहेब आते सरकारी नहीत,” आबा म्हणाले. “पेन्शनवाला शेतस. बिनकामना. च्या ठेव.”

मी हसलो. हिलालची चौकशी केली. तो मुलीच्या गावी होता, बरा होता. चहा झाला. मी बोलायला तोंड उघडणार, तोच आबांनी शेंगा बाजूला ठेवल्या.

“भाऊसाहेब, तुम्हले एक गोट इचारू? कोनले सांगेल नहीं मी.”

“विचारा.”

त्यांनी अक्का आत गेली आहे का ते पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, “त्या दिन सकायमां मी पानी पिधं व्हतं. एक घोट. ऊन भू व्हतं. कोनी देखं नहीं. मन्हा मनमां येस, त्याच घोटमुळे हिलालना पाय गया. तुम्ही तर समोरच व्हतात. तुम्हले काय दिसनं? देवनी हात काढा का?”

इतकी वर्षं मला सतावणाऱ्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं. त्यांना चढ माहीत नव्हता. कधीच नव्हता. त्यांनी मला फसवलं नव्हतं, माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. आणि सबंध गाव त्यांच्यावर जो आळ घेत होतं, तो ते स्वतःही त्या एका घोटासाठी मनोमन कबूल करून बसले होते.

माझं वाक्य तयार होतं. ते ऐकायला माणूस समोर बसला होता, आणि ते ऐकण्याची गरज त्यांना माझ्याहून जास्त होती. पण उतार म्हटला की चढही सांगावा लागणार. मग त्यांच्या बापानं, आजानं ओढलेल्या गाड्या कुणी थांबवल्या, हेही सांगावं लागणार. या वयात मी त्यांच्याकडून तो देवही काढून घेऊ का? हा विचार मला खरंच त्या क्षणी आला, की नंतर स्वतःच्या समाधानासाठी मी तो तिथं नेऊन ठेवला, ते आता मला सांगता येत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि कित्येक वर्षांनी आईच्या बोलीत बोललो.

“गर्दी भू व्हती, आबा. माले नीट दिसनं नहीं.”

त्यांनी मान हलवली. “हां,” म्हणाले, “गर्दी तर व्हती.” आणि शेंगांचं सूप पुन्हा पुढे ओढलं.